जातिवंत, पण स्वस्तात

बीड जिल्ह्यात रेसकोर्स नाही. जवळचे ट्रॅक म्हणजे एकीकडे पुणे आणि दुसरीकडे हैदराबादचं मलकपेठ. तिथल्या घोड्यांच्या किमतीचे आकडे कानावर आले की इकडचा माणूस हसतो आणि विषय पावसाकडे वळवतो. पण त्या ट्रॅकना मागचं दारही आहे. दोन-तीन वर्षांचा, लांब पायांचा, पातळ कातडीचा एखादा थरोब्रेड असतो. त्याच्या पुढच्या पायाची टेंडन सुजलेली असते, किंवा तो धावताना घशातून घुरघुरतो, किंवा क्ष-किरणात त्याचा गुडघा बरा दिसलेला नसतो. असा घोडा या दारातून बाहेर येतो आणि त्याचा भाव कोसळतो. कधी कधी मालकाला पैसे नकोच असतात, फक्त दावणीवरचं एक तोंड कमी करायचं असतं. मग हेड्याच्या मोबाइलमधला व्हिडिओ गेवराई, माजलगाव, आष्टी असा फिरू लागतो. सोबत ठरलेला मजकूर: घोडा जातिवंत आहे, कागदपत्रं आहेत, पायात किंचित आहे, महिनाभरात भरून येईल.

यातला ‘जातिवंत’ बहुतेक वेळा खरा असतो. कागदपत्रंही निघतात. घोळ असतो तो ‘किंचित’ आणि ‘महिनाभरात’ या दोन शब्दांत, आणि घेणाऱ्याचे पैसे, चारा आणि पुढची काही वर्षं त्या दोन शब्दांवरच लागलेली असतात.

आधी हे समजून घेऊ, की पुण्या-मुंबईचा मालक असा घोडा स्वस्तात का सोडतो. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा हंगाम पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईत महालक्ष्मीला चालतो. घोडा पळो न पळो, ट्रेनरची फी, सईसाचा पगार, खुराक आणि औषधं यांचं बिल दर महिन्याला येतं. त्या मालकाच्या हाताशी घोड्यांचेच पशुवैद्य असतात, क्ष-किरण आणि अल्ट्रासाउंड असतं, घशात घालून पाहायची दुर्बीण असते आणि रोज पहाटे लावलेलं स्टॉपवॉच असतं. एवढ्या सगळ्यांनी मिळून मांडलेल्या हिशेबाचं उत्तर म्हणजे ती कमी किंमत. आपण मात्र अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाहून ते उत्तर चुकीचं ठरवायला निघालेलो असतो.

गावाकडच्या घोडेबाजाराची रीत वेगळी. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीचा बाजार, सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज. या बाजारांत घोड्याची किंमत पायांइतकीच अंगावरच्या खुणांवरून ठरते. गळ्याखाली देवमण असेल तर भाव चढतो. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी, असेल तर बोलायलाच नको. डोळ्याखाली भोवरा असला की तो आसूढाळ, आणि घेणारा पाठ फिरवतो, कारण म्हणे असा घोडा धन्याला रडवतो. शालिहोत्राच्या परंपरेपासून हे शुभाशुभ चालत आलेलं आहे. त्यात निरीक्षण किती आणि भीती किती हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण डोळ्याखालच्या केसांच्या वळणाचा घोड्याच्या टेंडनशी काडीचा संबंध नाही, एवढं खात्रीनं सांगता येतं.

माझ्या मते स्वस्त घोड्याच्या सगळ्या वादाची गोम इथेच आहे. भोवऱ्यामुळे स्वस्त झालेला निरोगी घोडा म्हणजे बाजाराच्या चुकीचा फायदा. टेंडनमुळे स्वस्त झालेला घोडा म्हणजे बाजाराचा बरोबर निकाल. किंमत दोघांची सारखी असू शकते, पण पहिल्यात घेणाऱ्याचं साधतं आणि दुसऱ्यात तो फसतो. भोवऱ्याच्या घोड्यालाही एक अट आहेच. उद्या विकायला काढलात तर तोच भोवरा तुमच्या आड येईल, म्हणून असा घोडा घरी ठेवायचा असेल तरच घ्यावा.

स्वस्त घोड्याचा विषय निघाला की जिंकलेल्या घोड्यांच्या गोष्टी निघतात, आणि त्या खऱ्याही आहेत. अमेरिकेत १९७५ साली जन्मलेला जॉन हेन्री वर्षाचा असताना ११०० डॉलरला विकला गेला. गुडघे मागे झुकलेले, स्वभाव असा खुनशी की शेवटी खच्ची करावा लागला. १९७८ मध्ये सायकली आयात करणाऱ्या सॅम रुबिन नावाच्या माणसानं तो न पाहताच २५ हजार डॉलरला घेतला. रुबिनला घोड्यांतलं फारसं कळत नव्हतं. जॉन हेन्रीनं ८३ शर्यतींपैकी ३९ जिंकल्या, ६५ लाख डॉलरहून अधिक कमावले आणि १९८४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, पुन्हा एकदा अमेरिकेचा वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. दुसरा कॅनोनेरो. त्याचा पुढचा उजवा पाय वाकडा, म्हणून १२०० डॉलरला गेला, व्हेनेझुएलात तयार झाला आणि १९७१ मध्ये पार मागून येऊन केंटकी डर्बी जिंकला. पाठोपाठ प्रीकनेसही जिंकली.

दुसऱ्या टोकाला द ग्रीन मंकी आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये, दोन वर्षांचा असताना, तो १ कोटी ६० लाख डॉलरला विकला गेला. तीन शर्यती पळाला, एकही जिंकला नाही आणि त्याची आयुष्यभराची कमाई झाली १०,४४० डॉलर. म्हणजे महाग घेतला तरी खात्री नाहीच.

या गोष्टी सांगताना हेडी एक गोष्ट गाळतात, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. जॉन हेन्री आणि कॅनोनेरो स्वस्त झाले ते पायांच्या ठेवणीमुळे. वाकडा पाय म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज असतो, आणि अंदाज चुकू शकतो. सुजलेली टेंडन हा अंदाज नाही, ती घडून गेलेली गोष्ट आहे. त्या दोघांना हरवून बसलेला पाय परत मिळवायचा नव्हता. लोकांनी मनात धरलेला दोष खोटा ठरवायचा होता, एवढंच. शिवाय त्या वर्षी तसेच वाकडे पाय घेऊन विकल्या गेलेल्या बाकीच्या शिंगरांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

कोणता दोष चालतो आणि कोणता नाही, हे ठरवण्यापूर्वी वय पाहावं. उत्तर गोलार्धातल्या सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारीला येतो. एप्रिलमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर दोन वर्षांचं होतं तेव्हा प्रत्यक्षात वीस-एकवीस महिन्यांचं असतं. त्याच्या गुडघ्यावरच्या हाडाची वाढ पुरी व्हायला दोन ते अडीच वर्षं लागतात आणि पाठीचे मणके त्याहून किती तरी उशिरा पक्के होतात. म्हणजे वाढत्या हाडांवर वेगाचा ताण पडलेला असतो. यातून होणारा सर्वांत सामान्य त्रास म्हणजे पुढच्या नडग्या सुजणं. जगभरात दोन वर्षांच्या रेसच्या घोड्यांना हा त्रास सर्रास होतो आणि नीट विश्रांती दिली की बहुतेक बरे होतात. शिंगरू फक्त एवढ्यासाठी स्वस्त मिळत असेल तर ते सुदैव, पण फक्त एवढ्यासाठी रेसचा मालक घोडा सोडत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

टेंडनचं दुखणं वेगळं. पुढच्या पायाच्या मागच्या बाजूनं दोरीसारखी उतरणारी ही शीर वेगात असताना घोड्याचा सगळा भार झेलते. तिच्या आतले धागे तुटले की ती भरून येते, पण भरून आलेला भाग व्रणाचा असतो आणि त्याला मूळची लवचीकता नसते. नऊ महिने ते वर्षभर तिला मोजूनमापून चालवत आणावं लागतं. घोडा पुन्हा शर्यतीला उतरवला तर ती पुन्हा तुटण्याचा धोका मोठा असतो. ‘महिनाभरात भरून येईल’ म्हणतात ते सुजेबद्दल असतं. सूज उतरते, शीर तशीच राहते.

घशातून आवाज करणारा घोडा म्हणजे ज्याच्या स्वरयंत्राची एक बाजू, बहुधा डावी, मज्जातंतू निकामी झाल्यानं उघडत नाही. पूर्ण वेगात त्याला हवा कमी पडते. चालीला आणि दुडकीला बहुधा त्याचं काही अडत नाही. धावताना फुप्फुसात रक्त येणं हेही वेगाचंच दुखणं. दुर्बिणीनं पाहिलं तर रेसच्या बहुतेक घोड्यांत ते थोडंफार सापडतं. गुडघ्याच्या किंवा खुरावरच्या सांध्यातलं हाड मोडलेलं असेल तर पुढे सांधेदुखी येणार असं धरून चालावं. खुराच्या आतल्या पडद्याचा दाह झालेला घोडा, डोळ्याला वारंवार येणारी सूज आणि लाकूड धरून हवा गिळायची सवय, या तिन्हींसाठी मी पैसे मोजणार नाही, कितीही स्वस्त असो. पहिल्या दोन व्याधी उलटतात आणि ती सवय जन्मभर जात नाही.

आता घोडा बीडच्या दावणीला बांधू. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे नऊ किलो कोरडा आहार लागतो. वर्षाचा हिशेब सव्वातीन टनांवर जातो. पाणी रोज तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. टेंडनवाल्या घोड्याला वर्षभर विश्रांती म्हणजे हे सगळं तो एक रुपया न कमावता खाणार. २०१८-१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात किती चारा छावण्या लागल्या हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना कडब्याची पेंढी म्हणजे काय हे सांगायला नको. छावणीचा हिशेब गाई-बैल-म्हशींचा, तिथे थरोब्रेड घेऊन जाणाऱ्याकडे लोक कसे पाहतील याची कल्पना करा.

चाऱ्यात आणखी एक मेख आहे. इथला मुख्य चारा ज्वारीचा. कोवळ्या हिरव्या ज्वारीत विष असतं हे इथलं पोरही जाणतं, पण घोड्याचा धोका तिथेच संपत नाही. हिरव्या ज्वारीवर सतत चरणाऱ्या घोड्यांना मूत्राशयाचा दाह होऊन मागचे पाय लुळे पडण्याचा विकार होतो. नीट वाळलेला, बुरशी न लागलेला कडबा त्या मानानं सुरक्षित. बुरशीचा मका तर घोड्याचा मेंदू सडवतो. घोड्याला ओकारी येत नाही, जे आत गेलं ते गेलं, म्हणून पोटशूळ हा त्याचा कायमचा शत्रू. गव्हाचा कोंडा जास्त घातला की फॉस्फरस वाढतो, शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढू लागतं आणि तोंडाची हाडं फुगतात. हाडं आधीच कच्ची असलेल्या तीन वर्षांच्या घोड्याला हे नको. सगळ्यांत मोठी ताकीद मात्र गोठ्यातल्या पोत्याबद्दल. गाई-कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. ते गाईला मानवतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं. म्हशीच्या पाटीतलं मूठभर घोड्यापुढे टाकायची आपली सवय घोड्याच्या जिवावर बेतू शकते.

आणि डॉक्टर? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाचा हात गाय-म्हैस-शेळीवर बसलेला असतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण त्याच्यासमोर घोडे येतात किती? त्यातल्या त्यात जवळ परभणीचं आणि उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. फक्त घोड्यांचं काम करणारे डॉक्टर हवे असतील तर पुणे-मुंबई गाठावी लागते. पोटशूळ उठलेल्या घोड्याला ट्रकमध्ये चढवून पुण्याला नेणं म्हणजे काय, हे घोडा घेण्याआधी एकदा डोळे मिटून मनात पाहावं.

घोडा निकामी झाला तर तोटा कुणाचा, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. १७६३ च्या ऑगस्टमध्ये गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला, गोदावरीच्या काठी, माधवराव आणि राघोबादादांनी निजामाचा पराभव केला. त्या काळच्या मराठी फौजांत स्वार दोन तऱ्हेचे असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतला मिळे, तो मेला तर नुकसान सरकारचं. शिलेदार आपला घोडा आणि हत्यारं घेऊन येई आणि घोडा गेला की त्याचं भांडवलच जाई. त्यामुळे बारगीर घोडा पुढे घालताना फार विचार करत नसावा आणि शिलेदार करत असावा. ज्याच्या खिशाला झळ बसते तोच घोडा जपतो.

पुढे निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचं घोडदळ अंबाजोगाईला राहिलं. त्या काळी गावाचं नाव मोमिनाबाद. हे घोडदळही शिलेदारी पद्धतीचं, स्वाराला आपल्या घोड्यासाठी पैसे घालावे लागत. पण शिलेदारी रिसाल्यांनी एक शहाणपणाची सोय केली होती, चंदा फंड. प्रत्येक स्वार ठरावीक वर्गणी भरी आणि कुणाचा घोडा मेला किंवा निकामी झाला तर त्या फंडातून नवा घोडा घेता येई. एकट्या माणसाला न पेलणारा धोका सगळ्या रिसाल्यात वाटला जाई. १९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झालं आणि पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत संपली. अंबाजोगाईच्या मातीत सव्वाशे वर्षांपूर्वी घोड्याच्या विम्याची ही व्यवस्था होती. आज तिथला एखादा तरुण मुलगा टेंडन गेलेला घोडा एकट्याच्या हिमतीवर घेतो, म्हणजे तो शिलेदार झालेला असतो, पण चंदा फंडाशिवाय. चार-पाच मित्रांनी भागीत घोडा घेतला, दरमहा ठरावीक रक्कम औषधांसाठी बाजूला टाकली आणि कोण किती भरणार हे आधी कागदावर आणलं, तर धोका कमी होत नाही, पण माणूस त्याखाली चिरडला जात नाही. रेसच्या दुनियेतही एका घोड्याचे अनेक मालक असतात, ते याचसाठी.

आता कामाचं बोलू. हा घोडा बीडमध्ये करणार काय? शर्यत? घोड्यांच्या रीतसर शर्यती परवाना असलेल्या रेसकोर्सवरच होतात, त्यासाठी १९१२ पासूनचा स्वतंत्र कायदा आहे. १८ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतीचा महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला, पण तो बैलांचा. त्याच्या आडोशानं डांबरी रस्त्यावर घोडे पळवले तर प्राण्यांना निर्दयतेनं वागवल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि रस्त्यावरच्या पहिल्याच उडीला ती टेंडन जाईल ते वेगळंच.

वरात? लग्नाच्या घोडीला पांढरा रंग लागतो, नुकरा. थरोब्रेड बहुतेक कुमैत किंवा तांबडे. शिवाय वरातीच्या घोड्याला डीजे, फटाके, ट्यूबलाइटची गाडी आणि नाचणारे पाहुणे यांच्यात तासन् तास शांत उभं राहावं लागतं. स्टार्टिंग गेट उघडलं की उसळायचं, हेच ज्याला आयुष्यात शिकवलं आहे, त्याच्या पाठीवर मुंडावळ्या बांधलेला पोरगा बसवणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यातून तो न खच्ची केलेला नर असेल आणि समोरच्या वरातीत घोडी असेल, तर पुढचं वर्णन करायला नको. या कामाला मारवाडी, काठियावाडी किंवा देशी घोडी बरी. धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहत फिरणारं ते बुटकं तट्टू बघा. डोंगराच्या गवतावर जगतं, खडकातून चालतं, वर्षानुवर्षं लंगडत नाही. भीमथडीच्या त्या घोड्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. मराठ्यांनी ज्यावर मुलूख घेतला तो घोडा आपल्या शेजारी आहे, आणि आपण पुण्याहून आलेल्या व्हिडिओकडे पाहतो आहोत.

मग उरतं काय? संथ रपेट, मुलांना घोडेस्वारी शिकवणं, घोडी असेल तर पैदास, आणि निव्वळ हौस. हौसेला मी कमी लेखत नाही. घुरघुरणारा पण पायानं धड असलेला शांत घोडा सकाळी गावाबाहेर रपेटीला उत्तम. दोष आणि काम यांची अशी गाठ पडली की स्वस्त घोडा खरंच स्वस्त असतो.

याचं महाराष्ट्रातलं सर्वांत नामी उदाहरण पुण्यात घडलं. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त रेसचे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. तिथे त्यांच्या रक्तापासून औषधी सीरम तयार होई. सीरमसाठी पाय लागत नाहीत, रक्त निरोगी लागतं. घोडे आपले, मग सीरम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी केली. ट्रॅकनं टाकलेल्या घोड्याची याहून मोठी किंमत कुणी वसूल केली असेल असं वाटत नाही. उसाच्या फडात साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात टोचलं जातं तेही घोड्याच्या रक्तापासूनच बनलेलं औषध. काम पाहून घोडा निवडणं म्हणजे काय, ते इथे दिसतं. लंगडा घोडा बरा करून पळवण्याच्या स्वप्नावर पूनावालांनी पैसे लावले नाहीत.

तरीही घ्यायचाच असेल तर पाहणी कशी करावी ते सांगतो. घोडा भल्या सकाळी, दावणीला थंड असताना पाहावा. आधी फिरवून गरम केलेला घोडा लंगड लपवतो. चारही पायांवरून हात फिरवून कुठे उष्णता लागते का ते पाहावं. कडक जमिनीवर सैल दोरीनं दुडकी मारायला लावावी, पुढच्या पायानं दुखणारा घोडा चांगला पाय टेकताना मान खाली घालतो. आठवड्याभरानं न कळवता पुन्हा जावं. दुखणं दाबायला फिनाइलब्युटाझोन दिलेलं असलं तर रक्ताच्या तपासणीत सापडतं, म्हणून व्यवहारापूर्वी डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घ्यायला मालक तयार आहे का एवढं विचारा. त्या प्रश्नावर त्याचा चेहरा काय सांगतो तेही पाहा. टेंडनचं अल्ट्रासाउंड आणि गुडघ्यांचे क्ष-किरण यांचा खर्च घोड्याच्या किमतीच्या जवळपास जाईल. तो नको असेल तर घोडाही नको.

दात पाहणं जमत असेल तर उत्तम. दुधाचे मधले दोन दात अडीच वर्षांच्या सुमाराला पडतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पण थरोब्रेडचं वय दातांवर सोडायची गरज नाही. त्याच्या मानेत मायक्रोचिप असते आणि नोंद पुण्याच्या स्टड बुक प्राधिकरणाकडे. चिप वाचून पासपोर्टाशी जुळते का पाहावं. नाव कळलं की तो किती वेळा पळाला, शेवटची शर्यत कधीची, मध्ये किती महिने दिसला नाही, हे सगळं निघतं. ज्या महिन्यांत तो पळाला नाही ते महिनेच त्याच्या पायांबद्दल बोलतात.

ग्लँडर्सची तपासणी नसलेला घोडा दारात आणू नये. हा रोग घोड्यातून माणसाला होतो, आणि घोडा बाधित निघाला तर २००९ च्या सांसर्गिक रोग प्रतिबंध कायद्याखाली तो मारावा लागतो. नमुन्यांच्या तपासणीत शेवटचा शब्द हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा. माश्यांतून पसरणारा सर्रा रोगही तपासून घ्यावा. धनुर्वाताची लस टोचलेली नसेल तर आल्या दिवशी टोचावी, कारण घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा पाळीव प्राणी क्वचितच असेल.

कागदाचं शेवटचं. हिरापूर किंवा नेकनूरच्या बाजारात बैल घेताना आपण पावतीवर रंग, शिंगं आणि दात लिहून घेतो आणि समाधान मानतो. घोड्याच्या पावतीवर कशासाठी घेतो तेही लिहावं: रपेटीसाठी, मुलांना शिकवण्यासाठी, पैदाशीसाठी, जे असेल ते. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे एरवी माल पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. मात्र तुम्ही आपलं काम विकणाऱ्याला सांगितलं असेल, त्याच्या जाणकारीवर विसंबला असाल आणि असा माल विकणं हा त्याचा धंदाच असेल, तर माल त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. हेडी धंद्यातला माणूस असतो. तोंडी सांगितलेलं काम कोर्टात सिद्ध करणं अवघड, पावतीवर लिहिलेलं सोपं. लिहून द्यायला तो नाही म्हणाला तर इसार खिशातच ठेवावा.

थरोब्रेड पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. ट्रॅकवरचं त्याचं आयुष्य फार तर त्यातली पाच-सहा वर्षं. तीन वर्षांचा घेतला तर वीस वर्षांहून जास्त काळ त्याच्या पाण्याची सोय तुम्हाला करायची आहे, पाऊस पडो न पडो. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर विकला न जाणारा म्हातारा बैल दावणीला ठेवणं म्हणजे काय हे मराठवाड्यातला शेतकरी जाणतो. लंगड्या घोड्याला तर कधीच गिऱ्हाईक नव्हतं.

माळेगावची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला भरते. जाणार असाल तर घोडा पसंत करण्याआधी डॉक्टर पसंत करा, परभणीला किंवा उदगीरला भेटून तपासणीचा दिवस ठरवून ठेवा, आणि बाजारात तांबड्या थरोब्रेडपुढे गर्दी जमली असेल तर पलीकडे डोळ्याखाली भोवरा असलेली एखादी धडधाकट देशी घोडी एकटी उभी आहे का, ते पाहून या.